माणिकप्पा सरांचं बरं हाय

माणिकप्पा सरांच्या पायावरून मुरमाचा टिपर गेला, तेव्हा त्यांना उचलायला धावत आलेल्या पहिल्या माणसानं विचारलं, "सर, कसं हाय?" आणि सर टिपरच्या मागच्या चाकाजवळ आडवे पडल्या पडल्या म्हणाले, "बरं हाय."

यात शौर्य वगैरे काही नव्हतं. आपल्याकडं 'कसं हाय' हा प्रश्न नसतोच, आणि 'बरं हाय' हे त्याचं उत्तर नसतं. बोलणं सुरू करायची ती एक रीत आहे, एवढंच. ज्याच्या घरी कालच मयत झाली आहे तोसुद्धा आधी 'बरं हाय' म्हणतो आणि मग वडील गेल्याचं सांगतो. सगळा मराठवाडा या दोन शब्दांवर चालतो आणि कुणाचं काही अडत नाही, कारण 'बरं हाय' झालं की लोक पुढच्या वाक्यात खरं काय ते सांगून टाकतात. सरांची अडचण इतकीच, की त्यांच्याकडं पुढचं वाक्य नव्हतं.

माणिकप्पा उटगे हे रेणापूरच्या अलीकडच्या एका गावातल्या विनाअनुदानित शाळेत पी.टी.चे शिक्षक. शाळेला अनुदान मिळणार, या बातमीवर त्यांचं लग्न झालं होतं. पुढं त्यांची मुलगी शिवांगी नर्सिंग करून लग्नाला आली तरी बातमी तशीच टवटवीत होती. पगार जेमतेम, पण रुबाब पूर्ण. कपाळाला विभूती, पांढरी पँट, गळ्यात शिट्टी आणि छाती अशी पुढं, की शर्टाची दुसरी गुंडी कायम तणावाखाली. या माणसाला कुणी कधी वाकलेलं पाहिलं नव्हतं. बुटाची नाडीसुद्धा ते पाय बाकावर ठेवून बांधत.

अपघात झाला तो या शिट्टीमुळंच. क्रीडा स्पर्धा तोंडावर आल्या होत्या, म्हणून रविवारी सर एकटेच मैदानावर फक्की टाकून धावपट्टी आखत बसले होते. मागून मुरमाचा टिपर रिव्हर्समध्ये आला. सरांनी जागचं न हलता जोरात शिट्टी मारली. त्या शिट्टीवर न थांबलेला इसम गावात अजून जन्माला आलेला नव्हता. पण ड्रायव्हर बाहेरचा होता, आणि बांधकामावर शिट्टीचा अर्थ 'येऊ द्या, येऊ द्या' असा होतो. सर शिट्टी मारत राहिले आणि तो बिचारा विश्वासानं येत राहिला.

उजव्या पायाची नडगी, घोटा आणि गुडघा, असा तिन्ही ठिकाणी निकाल लागला. सळ्या घातल्या, स्क्रू बसवले, रत्नम्माच्या गळ्यातली बोरमाळ सोनाराकडं पाहुणी गेली ती परत आलीच नाही. पाय राहिला, पण पाय म्हणून त्याचा उपयोग फारसा उरला नाही. मांडी घालणं बंद, जिना बंद, दहा मिनिटं उभं राहिलं की घोट्याची पुरी व्हायची. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली आणि सर प्रत्येकाला बरं हाय म्हणत राहिले, त्यामुळं चारच दिवसांत गावभर झालं की सरांना काही विशेष लागलेलं नाही, आणि रीघ थांबली.

शाळेकडून काही मदत मिळेल, असं सरांना वाटलं. संस्थेच्या अध्यक्षांनाही तसंच वाटलं. फक्त रविवारी शाळेला सुट्टी असते, सुट्टीच्या दिवशी शाळेत आलेला माणूस शिक्षक नसून ग्रामस्थ असतो, आणि ग्रामस्थाला संस्था काय देणार, असा बारीकसा मुद्दा निघाला. तेव्हा अध्यक्षांनी मोठ्या मनानं सरांचा सत्कार केला. शाल दिली, नारळ दिला. फोटोच्या वेळी फोटोग्राफर म्हणाला, "सर, काठी जरा बाजूला ठेवा, फोटोत बरी दिसंना." सरांनी काठी ठेवली, छाती काढली आणि दात आवळून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं : 'अपघातावर मात! क्रीडाशिक्षक पुन्हा ताठ उभे!' सरांनी ते कात्रण फ्रेम करून भिंतीवर लावलं. रत्नम्मानं नारळ फोडला, तो आतून नासका निघाला. त्यात अध्यक्षांचा दोष नव्हता, नारळ काही बाहेरून कळत नाही.

"तुमची जागा तुमचीच हाय, सर," अध्यक्ष जाताना म्हणाले. "मैदान न्हाई तर ऑफिसात बसा. फक्त जूनपासून सोताच्या पायानं येत जा म्हंजे झालं." शाळा गावाबाहेर, माळावर, दीड कोस लांब. स्वतःच्या पायानं सर तोवर मोरीपर्यंत जात होते, तेही भिंत धरून.

घर कशावर चालत होतं, हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही. ते कडक भाकरीवर चालत होतं. रत्नम्मा उदगीरकडची, तिच्या हातची पापडासारखी पातळ भाकरी लातूरच्या दुकानदारांनी एकदा खाल्ली आणि तिची पाठ धरली. उजाडल्यापासून ती चुलीपुढं बसायची ते ऊन कलेपर्यंत. दोन्ही मनगटांना चिंध्या बांधलेल्या, बोटांची टोकं भाजून काळी. कुणी विचारलंच तर सर सांगत, "तिला आवड हाय त्याची. बसवत न्हाई तिला रिकामं." रत्नम्मा आतून हे ऐकायची आणि चुलीत एक लाकूड जास्तीचं सारायची.

अशात शेजारच्या केरबांनी विषय काढला. केरबा हे तलाठ्याच्या हाताखाली आयुष्यभर कोतवाल होते. निवृत्त झाले, तरी गावातला कुठलाही सरकारी कागद त्यांच्या ओट्यावर थोडा वेळ टेकल्याशिवाय पुढं जात नसे.

"सर, निराधारचा अर्ज टाका," केरबा म्हणाले. "म्हैन्याचे म्हैन्याला खात्यात पडतेत. वर अपंगाची स्कूटर मिळती, मागं दोन चाकं लावल्याली. शाळेत जाया येतंय, वैनीच्या मागची चूल सुटंल."

"निराधार?" सरांची छाती फुगली. "कोन निराधार? मी? ही बाई काय हाय मग माझ्या घरात?"

"आवो नाव हाय ते योजनेचं."

"नाव बदला म्हणावं त्यांला. मग अर्ज करतो."

सरकारनं सरांसाठी नाव बदललं नाही. पण त्या संध्याकाळी रत्नम्माच्या हातून परात निसटली, आणि ती उचलायला गेली तर मनगट वळेना. सरांनी ते पाहिलं. सकाळी ते स्वतः केरबांच्या ओट्यावर गेले आणि 'सहज आलो' म्हणून अर्ज भरून आले.

चौकशीला तलाठी आला तो नवाच लागलेला, नम्र, चष्मेवाला तरुण. सरकारी माणूस दारात उभा, म्हणजे पाहुणाच की. सर बाजेवरून ताडकन उठले. काठी कोपऱ्यात राहिली. 'या, या' करत आत गेले आणि लोखंडी खुर्ची स्वतः उचलून घेऊन आले. रत्नम्मानं भिजवलेल्या चुरमुऱ्यांची सुशीला केली, वर शेव, कोथिंबीर, लिंबाची फोड.

"कसं हाय सर?" तलाठ्यानं घास घेत विचारलं.

"बरं हाय."

"काही तकलीफ?"

"न्हाई, न्हाई. तकलीफ कसली?"

"घर चालायलंय का बरोबर?"

"महादेवाच्या दयेनं मस्त चालायलंय. आनखी घ्या की थोडी सुशीला."

तलाठी पोरगा प्रामाणिक होता, ही सरांची खरी साडेसाती. एखादा बेरका असता तर त्यानं दोन वाक्यं पदरची घातली असती. यानं जे पाहिलं तेच लिहिलं : अर्जदार स्वतः उठून जड खुर्ची आणतात. प्रकृती बरी असल्याचे स्वतः सांगतात. घर मस्त चालते. वर भिंतीवरच्या कात्रणाचा मोबाईलवर फोटो काढून तोही पुरावा म्हणून जोडला. अर्ज परत आला. खाली शेरा होता : किमान चाळीस टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र जोडल्यास विचार करता येईल.

"म्हंजे काम झालं," केरबा म्हणाले. शेऱ्यासकट कागद परत येणं म्हणजे काम होणं, अशी त्यांची नोकरीतली समजूत होती. "चाळीस टक्के म्हंजे काईच न्हाई. तुमचा पाय बघून डॉक्टर साठ लिवतोय का न्हाई बघा."

सर आणि रत्नम्मा एस.टी.नं लातूरला निघाले. गाडीत गर्दी होती, पण पुढची एक सीट रिकामी होती. वर पाटी : अपंगांसाठी राखीव. कंडक्टर म्हणाला, "बसा की सर." सर म्हणाले, "नको. एखादा खरा अपंग आला तर बिचाऱ्यानं कुठं बसावं?" आणि लातूरपर्यंत वरचा दांडा धरून उभे राहिले. रत्नम्मा शेजारी उभी होती. सीट रिकामीच लातूरला पोचली.

दवाखान्यात रांग होती. फॉर्म ऑनलाइन भरलेला पाहिजे, भरलेल्याची प्रिंट पाहिजे, प्रिंटची झेरॉक्स पाहिजे, आणि झेरॉक्सवाला जेवायला गेलेला, हे सगळं रीतसर झालं. अखेर शिपायानं दारातून हाळी दिली, "उटगे माणिकप्पा शिवलिंगप्पा!"

"हजर!" सर ओरडले. जन्मभर हजेरी घेतलेल्या माणसाला हजेरी द्यायची संधी मिळाली, तर तो ढेपाळून कसा चालेल? काठी रत्नम्माच्या हातात देऊन सर आत गेले ते पंधरा ऑगस्टला ध्वजाकडं जातात तसे.

आत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. सकाळपासून माणसं तपासून त्यांचा आवाज बसला होता, तरी बोलणं गोड होतं. त्यांनी विचारलं, "गुडघा किती वाकतो, काका?" एका बाईमाणसासमोर, तेही लेकीच्या वयाच्या, गुडघा वाकत नाही म्हणायचं? सरांनी डोळे मिटले, दात आवळले आणि सळ्यांसकट गुडघा वाकवला. हाडात काहीतरी कडकन वाजलं. "दुखतं का?" "न्हाई." "चालताना त्रास?" "अजिबात न्हाई." बाईंनी कोन मोजला, आकडे लिहिले, सहानुभूतीनं एकदा मानही हलवली. बाहेर येऊन सरांनी जिन्याखाली, कुणी नाही असं बघून, तोंडात रुमाल कोंबला.

प्रमाणपत्र आलं. सदतीस टक्के.

गल्ली हादरली. "ह्ये काय न्यावय?" केरबा म्हणाले. "धाव्वीला पस्तीसला पास करतेत, आन् हितं सदतीसला नापास? तीन टक्क्यासाठी ग्रेस द्याचे की." पुढचे चार दिवस हे ग्रेसचं प्रकरण कुणाकडं मांडावं, यावर ओट्यावर खल झाला. कुणी आमदार म्हणालं, कुणी बोर्ड म्हणालं. शेवटी पुन्हा तपासणीचा अर्ज करता येतो हे शिवांगीनं फोनवर सांगितलं, आणि ओट्यानं ते आपणच शोधून काढल्यासारखं जाहीर केलं.

शिवांगीचा साखरपुडा भोकरला नुकताच झाला होता. त्यात सर सबंध कार्यक्रमभर मांडवामागं आचाऱ्यांवर लक्ष ठेवून उभे होते. पोरीचा बाप असून स्टेजवर मिरवला नाही, याचं दोन्हीकडच्या पाहुण्यांनी तोंडभरून कौतुक केलं होतं.

दुसऱ्या तपासणीची तयारी मात्र गल्लीनं अंगावर घेतली. पलीकडच्या धुरपताबाईंना स्वतःला निराधारचे पैसे चालू होते, त्यामुळं त्यांच्या शब्दाला वजन होतं.

"माणिक, तू हासत गेला आसशील," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात हासत कोन जातंय रं? बेजार मानसानं बेजारच दिसावं. विभूती लावू नको. डोस्क्याला तेल नको. आन् ती पांढरी पँट पेटीत ठिव."

"विभूती न्हाई लावली तर महादेव काय म्हणंल?"

"महादेवाला मी सांगते."

खरा प्रश्न चालण्याचा होता. केरबांचं म्हणणं, सरांना लंगडता येत नाही.

"मी लंगडाच हाव की!" सर चिडले. "लंगड्याला लंगडायचं शिकवायलाव तुमी?"

"लंगडे हाव, पन दिसत न्हाई ना. सरकारला दिसाया पायजे. तुमी काय करता, चार मानसं बघितली की दम धरून सरळ चालता. हे बगा, असं." आणि केरबा अंगणात सरांच्या समोर उभे राहिले, उजवा पाय ओढत, कंबर हलवत, चेहऱ्यावर सात पिढ्यांचं दुःख आणून चालून दाखवू लागले. गल्लीतल्या बायका टाळ्या वाजवायच्याच राहिल्या.

सरांनी बराच वेळ हे पाहिलं. त्यांना राग येत होता आणि रडूही येत होतं. जे दुखणं लपवण्यात त्यांचं वर्ष गेलं, त्याचीच आता पी.टी. चालली होती. पण आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, एकसारखा. सरांनी काठी टेकली आणि म्हणाले, "चला. एक, दोन."

आठवडाभर सराव झाला. केरबा समोर उभे राहून लंगडायचे, सर बघून तसं करायचे. इथं एक घोटाळा झाला, आणि तो फक्त पी.टी.च्या मास्तरच्याच हातून होऊ शकतो. पी.टी.चा मास्तर पोरांकडं तोंड करून उभा असतो. पोरांनी उजवा हात वर करावा म्हणून तो स्वतः डावा करतो, म्हणजे पोरांना आरशात बघितल्यासारखं सोपं जातं. अख्खी नोकरी समोरच्याशी असं उलटं वागण्यात गेलेली. केरबांनी उजवा पाय ओढला, की सरांच्या अंगात मुरलेला मास्तर आपोआप डावा ओढायचा. मोडलेला पाय उजवा होता. गल्लीत कुणाच्याच हे ध्यानात आलं नाही, कारण सगळे चेहरा बघत होते. चेहरा मात्र अस्सल होता, कारण डावा ओढायचा म्हणजे सगळा भार उजव्यावर यायचा.

"आता जमलं," धुरपताबाई म्हणाल्या. "बघून काळीज तुटतंय बग."

तपासणीच्या दिवशी सर पुन्हा लातूरला गेले, बिनाविभूतीचे, बिनातेलाचे, धुतलेल्या पण मळक्या दिसणाऱ्या पायजम्यात. याही खेपेला गाडीत उभेच. आपल्या कपाळावर काही नाही या जाणिवेनं त्यांना उघड्यावर आल्यासारखं वाटत होतं आणि ते सारखा हात कपाळाला लावत होते. या खेपेला रत्नम्माही आत आली, कारण केरबांनी बजावलं होतं की सोबत बायको असली की केस भारी होते.

डॉक्टरीणबाई त्याच. आवाज अजून बसलेलाच. "या काका. त्या भिंतीपर्यंत चालून दाखवा."

सर उठले. चेहऱ्यावर दुःख आणलं आणि निघाले. डावा पाय ओढत, कंबर हलवत, केरबांनी शिकवलं होतं अगदी तसं. बाईंनी एकदा सरांकडं पाहिलं, एकदा कागदाकडं, मग पुन्हा सरांकडं.

"काका," त्या म्हणाल्या, "मोडला होता तो पाय कोणता?"

सर जागच्या जागी थांबले. सावधानमध्ये. मनातल्या मनात त्यांनी केरबांना समोर उभं केलं, त्यांचा उजवा, आपला डावा, आणि एकाएकी सगळा हिशोब लख्ख दिसला. शिपाई फिस्सकन हसला. सरांचे कान लाल झाले. चूक दुरुस्त करावी म्हणून त्यांनी घाईनं पाय बदलला, पण डाव्यावर भार घ्यायचा की उजव्यावर, याचा आता पायांचाच एकमेकांशी मेळ बसेना. उजवा गुडघा मुडपला आणि माणिकप्पा सर, ज्यांना कुणी कधी वाकलेलं पाहिलं नव्हतं, ते दवाखान्याच्या फरशीवर धाडकन बसले.

बाई खुर्चीवरून उठल्या. "अहो काका! लागलं का?"

आणि सर फरशीवरून, पाय वेडावाकडा, डोळ्यांत पाणी, तरी मान ताठ करून म्हणाले, "न्हाई, न्हाई. बरं हाय."

"बरं न्हाई!"

हे रत्नम्मा म्हणाली. इतक्या मोठ्यानं, की बाहेरची रांग गप्प झाली. सरांनी चमकून पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोचा हा आवाज त्यांनी ऐकलेला नव्हता.

"बरं न्हाई, बाई. काई बरं न्हाई," ती म्हणाली. "ह्ये खोटं बोलतेत. लंगडून दावलं ते खोटं न्हाई, बरं हाय म्हणतेत ते खोटं हाय. मागच्या खेपी तुमी गुडगा वाकवा म्हणलाव, तर ह्यांनी वाकवला, आन् आठ दिस अंथरुणातून उठले न्हाईत. पोरीच्या साकरपुड्याला स्टेजच्या तीन पायऱ्या चढता येईनात, म्हणून मांडवाच्या मागं जाऊन उभं ऱ्हायले. लोक म्हणाले, आचाऱ्याकडं बघायलेत. आचारी मला सांगायला आला, वैनी, सर कनातीला धरून रडायलेत. लेकीला ओवाळलं तवा बाप न्हवता तिथं."

सर फरशीकडं बघत होते.

"आन् मला कुनी इच्यारलं तर मीबी काय सांगू?" तिनं चिंध्या बांधलेली मनगटं टेबलावर ठेवली. "ह्येंचं बरं हाय म्हणल्यावर माजंबी बरंच हाय म्हणावं लागतंय. दोघंबी एका घरात खोटं बोलायलोत वरीसभर. म्या दमले, बाई. अय्यो, लई दमले."

शिपायानं पुढं होऊन सरांना उठवलं. आता तो हसत नव्हता. बाईंनी पेन खाली ठेवलं, सरांना कॉटवर बसवलं आणि स्वतः वाकून पायजमा वर केला. घोटा सुजून गुळगुळीत झाला होता. गुडघ्यावर हात ठेवून त्यांनी हळूच पाय उचलला.

"काका, मी पाय उचलते, तुम्ही काही करायचं नाही. दुखायला लागलं की सांगायचं. आवळून धरायचं नाही."

पाय थोडासाच वर आला होता. सरांचा जबडा सवयीनं आवळला. मग त्यांनी रत्नम्माकडं पाहिलं. ती त्यांच्याकडं बघत नव्हती. आपली मनगटं पदराखाली घेऊन भिंतीकडं तोंड करून उभी होती, एवढं बोलून गेल्याची तिला आता लाज वाटत असावी.

"दुखतंय," सर म्हणाले.

"खूप?"

"लई."

हा शब्द उच्चारायला त्यांना एक वर्ष आणि एक टिपर लागला. बाईंनी लिहायला घेतलं. या वेळी त्या बराच वेळ लिहीत होत्या, आणि जे लिहिलं ते चाळीसच्या पुष्कळ पुढं गेलं. केरबांना फोनवर कळलं तेव्हा त्यांनी 'सर फर्स्ट क्लासात पास' म्हणून गल्लीत सांगितलं, आणि श्रेय आपल्या प्रशिक्षणाला दिलं. प्रमाणपत्रावर, पाच वर्षांनी पुन्हा तपासणी करावी, असा शेरा होता. पाय तोवर सुधारला तर सरकारला कळायला नको का? अर्ज पुन्हा तहसीलला जाणार होता, तिथून कुठं कुठं जाणार होता, स्कूटरची यादी निराळी, तिचा कॅम्प निराळा, हे सगळं अजून शिल्लकच होतं. पण सरांना त्याचं काही वाटलं नाही. दवाखान्याच्या दाराशी त्यांनी रत्नम्माकडून काठी मागून घेतली. एरवी काठी तिच्या हातात असायची आणि ते पुढं चालायचे.

परतीच्या एस.टी.त गर्दी होती. राखीव पाटीखालच्या सीटवर एक धिप्पाड गडी मोबाईल बघत बसला होता. त्यानं मान वर केली आणि तोंडभर हसला. भागवत. सरांचाच जुना विद्यार्थी, कबड्डीचा कॅप्टन, आता रेणापूरला खताचं दुकान.

"आरं सर! नमस्कार, नमस्कार!" बसल्या जागेवरूनच त्यानं हात जोडले. "लई दिसानं. कसं हाय सर?"

रत्नम्मानं दांडा धरला आणि डोळे मिटून घेतले.

"बरं हाय," सर म्हणाले.

गाडी हलली. सरांनी काठी नीट टेकवली, घसा साफ केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा पुढचं वाक्य बोलले.

"पन पाय लई दुखायलाय रं, भागवत. ऊठ, मला बसू दे. आन् मागं सरकायला सांग त्या पोरांला, तुझ्या काकूचे हात दुखायलेत, तिलाबी जागा कर."